ठिकाणांचे टिपण

जमिनीच्या मोजणीचे कागद दोन प्रकारचे असतात, हे हद्दीचा वाद अंगावर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. मोजणीदाराने शेतात उभे राहून साखळीने घेतलेली मापे जागच्या जागी ज्या कच्च्या आकृतीवर लिहिली जातात ते टिपण, आणि अशा टिपणांवरून कचेरीत बसून जुळवला जातो तो गावचा नकाशा. नकाशा फाटला किंवा चुकीचा निघाला तर टिपणावरून तो पुन्हा काढता येतो, पण टिपण हरवले तर नकाशावरून मूळ मापे परत मिळत नाहीत, आणि म्हणूनच धुऱ्याचा तंटा विकोपाला गेला की दोन्ही पक्ष टिपणाची नक्कल मागायला धावतात. आपण कुठे कुठे गेलो याची मोबाइल फोनने घेतलेली नोंद दुसऱ्या कोणाच्या ताब्यात न देता आपल्याच सर्व्हरवर साठवण्याची जी व्यवस्था अलीकडे अनेक जण हौसेने उभारतात, आणि जिला ते लोकेशन हिस्टरी म्हणतात, तिच्यातही टिपण कोणते आणि नकाशा कोणता हे आधी ओळखावे लागते. तिच्या बहुतेक बिघाडांचा माग याच भेदावरून लागतो, आणि जे बिघाड कायमचे नुकसान करून जातात ते हा भेद न पाळल्यामुळे झालेले असतात.

अशी व्यवस्था स्वतः चालवण्याची गरज निर्माण केली ती गूगलनेच. २००९ मध्ये सुरू झालेली त्या कंपनीची लॅटिट्यूड ही सेवा २०१३ मध्ये बंद झाली, २०१५ मध्ये टाइमलाइन आली, आणि अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या फिरण्याचा तपशील त्यांनी फारसा विचार न करता तिच्यात साचत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की या नोंदी यापुढे तिच्या सर्व्हरवर न राहता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहतील, आणि पुढच्या वर्षभरात संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाइमलाइन उघडून पाहण्याची सोयही काढून घेण्यात आली. गोपनीयतेच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता, परंतु फोन पाण्यात पडला तर दहा वर्षांच्या नोंदींचे काय, ही काळजी त्यामुळे वापरणाऱ्याच्या गळ्यात आली. ओनट्रॅक्ससारखी खुली ॲप त्याआधी दहा वर्षांपासून उपलब्ध होती, पण या घोषणेनंतर त्यांच्याकडे नव्याने लक्ष गेले, आणि २०२४ मध्ये डावारिश नावाचा आणखी एक खुला प्रकल्प लोकप्रिय झाला, ज्याचे नाव ‘मी तिथे होतो’ अशा अर्थाच्या जर्मन वाक्यावरून घेतलेले आहे.

या व्यवस्थेतले टिपण म्हणजे फोनकडून येणारा एकेक निरोप, आणि तो जेमतेम दोन ओळींचा मजकूर असतो. अमरावतीच्या राजकमल चौकातून निघालेल्या अशा निरोपात अक्षांश २०.९३ च्या आसपास आणि रेखांश ७७.७५ च्या आसपास असतो, मोजणीची वेळ १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांच्या दहा अंकी संख्येत लिहिलेली असते, बॅटरी किती टक्के उरली आहे ते असते, आणि अचूकता या नावाने मीटरमधली एक संख्या असते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि वऱ्हाडाच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक साधारण एका मीटरचे अंतर दाखवतो, आणि त्यापुढचे जे आठ-दहा अंक काही ॲप मोठ्या दिमाखात छापतात त्यांना फोनच्या बाबतीत काहीही अर्थ नसतो.

अचूकतेच्या संख्येकडे मात्र नवखे लोक दुर्लक्ष करतात, आणि ते महागात पडते. अँड्रॉइडच्या व्याख्येनुसार ही संख्या म्हणजे अशा वर्तुळाची त्रिज्या, ज्याच्या आत खरे ठिकाण असण्याची शक्यता ६८ टक्के आहे; म्हणजे दर तीन नोंदींपैकी साधारण एका नोंदीत माणूस त्या वर्तुळाच्या बाहेर उभा असतो. जुन्या मोजणीतली शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, आणि ३३ फूट लांब-रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. मीटरमध्ये ही साखळी जवळजवळ दहा मीटर भरते, आणि मोकळ्या आकाशाखालीही चांगल्या फोनची अचूकता पाच-दहा मीटरच्या घरातच असते, तेव्हा दहा मीटर त्रिज्येचे ते वर्तुळ सुमारे तीन गुंठे जमीन व्यापते. माणूस अकोल्यात होता की मूर्तिजापुरात हे सांगायला इतकी अचूकता पुरून उरते. धुऱ्याच्या अलीकडे होता की पलीकडे हे सांगायला ती निरुपयोगी आहे, मग फोनची किंमत कितीही असो.

व्यवस्था उभारण्याचे काम वाटते त्यापेक्षा सोपे आहे. फोनमधले ॲप निरोप पाठवते, तो इंटरनेटवरून घरच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर पोहोचतो, तिथला एक लहानसा प्रोग्राम तो उघडून डेटाबेसमध्ये एक ओळ लिहितो, आणि दुसरा प्रोग्राम त्या ओळी ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर रेषा म्हणून काढतो. दर दहा सेकंदांनी एक नोंद घेतली तर दिवसाला ८,६४० आणि वर्षाला साडेएकतीस लाख ओळी होतात, ज्या शंभर बाइटांच्या हिशोबाने तीनशे मेगाबाइटांच्या आसपास जागा घेतात. आजच्या डिस्कला हे ओझे नाही. रचनेतले मोठे निर्णय तीनच आहेत आणि तिन्ही पहिल्याच दिवशी घ्यावे लागतात. पहिला असा की आलेला निरोप जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, एका स्तंभात ठेवून द्यावा आणि त्याची फोड करून काढलेले आकडे शेजारच्या स्तंभांत लिहावेत. दुसरा असा की प्रत्येक ओळीत दोन वेळा असाव्यात, एक फोनने ठिकाण मोजल्याची आणि दुसरी सर्व्हरला निरोप पोहोचल्याची. तिसरा असा की एकाच फोनची एकाच सेकंदाची नोंद डेटाबेसने दुसऱ्यांदा स्वीकारू नये, कारण पोच न मिळाल्यास ॲप तोच निरोप पुन्हा पाठवते, आणि ही अट नसेल तर तुटक नेटवर्कच्या दिवशी एकेक बिंदू चार-चार वेळा साठतो.

दोन वेळांची नोंद ही अनेकांना चैन वाटते, पण दुरुस्तीची वेळ आली की तिच्याशिवाय पान हलत नाही. अमरावती ते अकोला हा रस्ता बडनेरा, लोणी, कुरुम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा वळत जातो आणि शंभर किलोमीटरच्या जवळपास भरतो, तर दोन्ही शहरांमधले सरळ अंतर ८२ किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर जेव्हा या वळणाच्या रस्त्याऐवजी कपाशीच्या वावरांतून थेट गेलेली एक सरळ रेषा दिसते, तेव्हा मधल्या नोंदी नाहीत एवढेच कळते. त्या घेतल्याच गेल्या नाहीत, की घेतल्या पण अजून पोहोचल्या नाहीत, की पोहोचल्या आणि सर्व्हरने परत लोटल्या, हे रेषा सांगत नाही.

दोन वेळा शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. मधल्या काळातले बिंदू संध्याकाळी एकदम येऊन पडले आणि त्यांची मोजल्याची वेळ दुपारची, पोहोचल्याची वेळ मात्र सारखीच असेल, तर फोनने काम चोख केले होते, वाटेत फक्त नेटवर्क नव्हते. मधले बिंदू कधीच आले नाहीत आणि अकोल्यात फोनचा पडदा उघडताच नोंदी पुन्हा सुरू झाल्या, तर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोननेच ॲप झोपवले होते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडून राहिलेल्या फोनमधली ॲप गाढ झोपी घालण्याची सोय आली, २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून पडद्याआड गेलेल्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा ठिकाण कळू लागले, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ‘कायम परवानगी’ आणि ‘ॲप वापरताना परवानगी’ असे दोन वेगळे पर्याय झाले. त्यांवर फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या बॅटरी-बचतीच्या क्लृप्त्या आणखी चढवतात, त्या वेगळ्याच. उपाय ठरलेला आहे: कायम परवानगी द्यायची, बॅटरी-बचतीतून त्या ॲपला वगळायचे, आणि पडद्यावर वरच्या बाजूला सतत दिसणारी ॲपची सूचना त्रासदायक वाटली तरी बंद करायची नाही, कारण तिच्यामुळेच ॲप जागे राहते.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी असते. फोन मोजतो, नेटवर्क असते, तरीही काही पोहोचत नाही, आणि फोनवर त्याची ठळक सूचनाही येत नाही. अशा वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदपटात, काय लिहिले आहे ते पाहावे लागते. विनंतीची ओळच तिथे नसेल तर दोष सर्व्हरच्या दाराबाहेर आहे. ओळ आहे पण ‘४०१’ हा आकडा आहे तर परवलीचा शब्द जुळत नाही. ‘५००’ आहे तर आतला प्रोग्राम कोसळतो आहे, आणि त्यामागे बहुधा भरलेली डिस्क असते. दाराबाहेरच्या दोषांत प्रमाणपत्र संपणे हा नेहमीचा गुन्हेगार. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून सुरक्षित जोडणीसाठी फुकट मिळणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची असते, ते आपोआप नवे होण्याची सोय बसवलेली असते आणि पहिल्यांदा ती चालतेही. पुढे कधी घरच्या राउटरची सेटिंग बदलली की ती मुकाट्याने मोडते, आणि तीन महिन्यांच्या आत एका सकाळी फोन सर्व्हरशी बोलायचे थांबवतो.

मेळघाटात या प्रकरणाची दुसरी बाजू दिसते. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाताना मोबाइलचे नेटवर्क तुटक होत जाते, आणि तेवढ्यावरून ठिकाणांची नोंदही थांबणार असा समज सर्रास असतो. तो चुकीचा आहे. उपग्रहांचे संकेत फोन फक्त ऐकतो, त्यासाठी त्याला मोबाइल टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नोंद घरी पाठवायला. मात्र नेटवर्क असले की उपग्रह सध्या नेमके कुठे आहेत याची माहिती फोन इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो, आणि ते नसले की तीच माहिती उपग्रहाच्या मंद संकेतातून ऐकून घ्यावी लागते, ज्याला एकेका उपग्रहामागे सुमारे अर्धे मिनिट अखंड संकेत लागतो. सागाच्या दाट झाडीत आणि घाटाच्या वळणांवर तेवढा वेळ संकेत सलग मिळत नाही. म्हणून परतवाड्यातच ॲप सुरू करून ठिकाण पकडल्याची खात्री करून निघालेल्या फोनची रेषा घाटातही बरीचशी नीट येते, आणि जंगलात शिरल्यावर सुरू केलेला फोन बराच वेळ चाचपडत राहतो. ॲपने नोंदी फोनमध्ये साठवून धरल्या आणि अमरावतीला परतल्यावर त्या एकगठ्ठा सोडल्या की सर्व्हरवर त्या मोजल्याच्या वेळेनुसार लावाव्यात. पोहोचल्याच्या वेळेनुसार लावणारा प्रोग्राम माणसाला आधी अमरावतीत आणि मग एका सेकंदात पुन्हा सेमाडोहला नेऊन ठेवतो.

नोंदी गळण्याइतकाच नोंदी चुकण्याचा प्रकार मोठा आहे, आणि त्यातल्या काही चुका पाहताक्षणी ओळखता येतात. बोलताना आणि बहुतेक ॲपमध्ये अक्षांश आधी येतो, पण नकाशाच्या फायलींसाठी वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन या प्रकारात रेखांश आधी लिहायचा असतो, आणि दोन प्रोग्रामांच्या सांध्यावर ही अदलाबदल विसरली की अमरावतीचा बिंदू ७७.७५ अंश उत्तर आणि २०.९३ अंश पूर्व या ठिकाणी जाऊन बसतो. हे ठिकाण नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात आहे. वऱ्हाडातला सगळा प्रवास, बडनेऱ्याच्या स्टेशनापासून अकोल्याच्या टॉवर चौकापर्यंत, अशा वेळी पांढऱ्या अस्वलांच्या मुलखातल्या थंड समुद्रात उमटलेला दिसतो, आणि ज्याने तो एकदा पाहिला त्याला चूक कुठे आहे हे पुन्हा शोधावे लागत नाही. त्याचप्रमाणे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकच बिंदू साठत राहिला, तर अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य आहेत, म्हणजे फोनला ठिकाण मिळालेच नव्हते आणि प्रोग्रामने रिकाम्या जागी शून्य भरले, असे समजावे.

याहून चमत्कारिक चूक वायफाय राउटरमुळे होते. घरात किंवा इमारतींच्या दाटीत उपग्रह दिसत नाहीत तेव्हा फोन आजूबाजूचे राउटर ओळखतो, आणि कोणता राउटर कोठे आहे याच्या मोठ्या कंपन्यांकडील यादीवरून आपले ठिकाण ठरवतो. अमरावतीतले बिऱ्हाड अकोल्याला हलले आणि जुनाच राउटर नव्या घरात लावला, तर यादीत सुधारणा होईपर्यंत अकोल्याच्या घरात बसलेला फोन मधूनच अमरावतीत असल्याचे सांगतो. दहा सेकंदांत ८२ किलोमीटर म्हणजे ताशी साडेएकोणतीस हजार किलोमीटर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापेक्षाही जास्त वेग. तेव्हा लागोपाठच्या दोन बिंदूंमधला वेग काढून अशक्य वेगाचा बिंदू रेषेतून वगळणे हा सोपा उपाय आहे, फक्त मर्यादा किती ठेवायची याला तारतम्य लागते. ताशी २०० किलोमीटरच्या वरचे सगळे उडवून लावणारी चाळणी वऱ्हाडात बरीच वर्षे निर्धोक होती; १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, आणि त्या दिवसापासून हीच चाळणी खऱ्या प्रवासालाही खोटे ठरवू शकते. चाळणी नकाशा काढताना लावलेली असेल तर मर्यादा बदलून प्रवास परत मिळतो. ती डेटाबेसच्या दारातच लावून बिंदू फेकून दिले असतील तर तो प्रवास कायमचा गेला.

फोन जागचा हलला नाही तरी त्याचे बिंदू थोडे थोडे सरकत राहतात, हा दोष दिसायला किरकोळ असला तरी हिशोबात मोठा आहे. उशाशी ठेवलेल्या फोनच्या दर दहा सेकंदांच्या नोंदींत सरासरी तीन मीटरचा फरक पडत असेल, तर आठ तासांच्या झोपेत २,८८० नोंदी होतात आणि त्यांची बेरीज साडेआठ किलोमीटरच्या वर जाते; महिन्याच्या अहवालात चालण्याचे आकडे पाहून हरखून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे. त्यावरचा उपाय असा की ठरावीक वर्तुळात, उदाहरणार्थ पन्नास मीटरांच्या आत, काही मिनिटांपेक्षा जास्त काळ राहिलेल्या सगळ्या बिंदूंचा एक मुक्काम मानायचा आणि त्यांच्यामधले अंतर मोजायचेच नाही.

वेळेची चूक मात्र नजरेला लवकर पडत नाही. फोन सेकंद मोजतो ते जागतिक प्रमाणवेळेनुसार, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे, आणि सर्व्हरचे घड्याळही बहुधा त्याच वेळेवर लावलेले असते. त्यामुळे ‘एका दिवसाच्या नोंदी’ मागितल्या आणि वेळेचा पट्टा सांगायला विसरले, तर सर्व्हरचा दिवस वऱ्हाडातल्या सकाळी साडेपाचला सुरू होतो. दिवसा ऑफिस आणि रात्री घर असा ज्याचा क्रम आहे त्याच्या नकाशात या चुकीने काहीच बिघडत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने दडून राहते. मुंबईहून संध्याकाळी निघून पहाटे अकोल्याला आणि सकाळी अमरावतीला पोहोचणाऱ्या अमरावती एक्सप्रेसने एकदा प्रवास केला की ती उघडी पडते. मध्यरात्रीनंतरचा भुसावळ-अकोल्यापर्यंतचा प्रवास आदल्या तारखेच्या पानावर जातो, पुढचा तुकडा आजच्या पानावर येतो, आणि अकोल्याच्या फलाटावर पहाटेचा चहा घेणारा माणूस नोंदीनुसार अजून कालच्याच दिवसात असतो. येथेही मूळ सेकंदांना हात लावायचा नसतो. दिवस कापताना भारतीय वेळेची कात्री वापरायची असते. डेटाबेसमधल्या सगळ्या वेळांत एकदाच साडेपाच तास मिळवून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मग कोणत्या ओळींत ते मिळवले आणि कोणत्या नंतर आल्या याचा घोळ निस्तरता निस्तरत नाही.

कधी बिंदू बरोबर असतो आणि चूक नकाशाकडे असते. काही प्रोग्राम बिंदूंना ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतात, म्हणजे रेषा नीटस दिसते, पण त्यासाठी नकाशात तो रस्ता असावा लागतो. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या चौपदरीकरणात जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी काँक्रीटची ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग अंथरली गेली आणि तिची गिनेस विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता तासांच्या हिशोबाने बदलतो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर तो उमटवणारे मात्र फावल्या वेळात काम करणारे स्वयंसेवक असतात. त्यांच्या हातून तो उमटेपर्यंत नव्या वळणावरून गेलेल्या गाडीचे बिंदू वावरात पडलेले दिसतात आणि प्रोग्राम त्यांना जुन्या रस्त्यावर ओढून बसवतो. ओढलेले बिंदू मूळ बिंदूंच्या जागी लिहिले नसतील तर नवा नकाशा आल्यावर एका आज्ञेत सगळे पुन्हा बसवता येते.

नकाशाच्या पायाचा प्रश्न तर दोनशे वर्षांचा आहे, आणि त्याचा धागा विदर्भातूनच जातो. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन उत्तरेकडे काम नेत असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, आणि त्याच्या मागे जॉर्ज एव्हरेस्टने ती त्रिकोणांची साखळी वऱ्हाडातून पुढे नेली. त्या मोजणीवरून पृथ्वीच्या आकाराचे जे माप निघाले ते १८३० चा एव्हरेस्ट लंबगोल म्हणून ओळखले जाते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी नकाशापत्रे त्यावर आधारलेली आहेत. उपग्रहांची व्यवस्था मात्र १९८४ च्या वेगळ्या जागतिक मापावर चालते, त्यामुळे जुने नकाशापत्र स्कॅन करून तसेच पायाला वापरले, तर फोनचा प्रत्येक बिंदू शंभराहून अधिक मीटर सरकलेला दिसतो. सगळे बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकलेले असणे ही या दोषाची खूण आहे. फोनच्या चुकीने ते सैरावैरा पडतात.

ठिकाणाला नाव देण्याचे काम उरते, आणि शहरापेक्षा खेड्यात ते जास्त अडते. अक्षांश-रेखांशावरून पत्ता काढण्यासाठी बहुतेक जण नॉमिनॅटिम ही ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली सेवा वापरतात, जिच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकाहून जास्त विनंत्या करू नयेत असा नियम आहे. जुन्या एक लाख बिंदूंचे पत्ते एका दमात मागणाऱ्याला नियम पाळल्यास जवळजवळ अठ्ठावीस तास लागतात आणि न पाळल्यास दार बंद होते, तेव्हा बिंदूंचे न मागता मुक्कामांचे पत्ते मागणे आणि मिळालेले जपून ठेवणे शहाणपणाचे. मराठी नावे हवी असल्यास विनंतीत तसे सांगावे लागते. तरीही वऱ्हाडातला शेतकरी ज्याला ‘पांधीवरचं वावर’ म्हणतो त्याला ही सेवा बहुधा तालुक्याचे किंवा शेजारून जाणाऱ्या महामार्गाचे नाव देते, कारण तिला शिवार ठाऊक नसते. वस्ती उठून गेलेली पण महसुली दप्तरात नाव टिकलेली रिठी गावे तर तिच्या ध्यानीमनीही नसतात. त्यामुळे स्वतःची नावांची एक छोटी यादी, ज्यात वावर, विहीर, मामाचे घर असे मुक्काम आपल्या शब्दांत लिहिलेले असतील, ती आधी तपासावी आणि तिच्यात न सापडल्यासच बाहेर विचारावे, अशी रचना करणे बरे.

घरी चालवलेल्या सर्व्हरला वऱ्हाडातली हवाही सोसावी लागते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो, आणि रास्पबेरी पायसारखा पंखा नसलेला तळहाताएवढा संगणक चिपचे तापमान ८० अंशांवर गेले की आपला वेग आपणच कमी करतो. पत्र्याखालच्या खोलीत, राउटरच्या डोक्यावर ठेवलेला असा संगणक दुपारी मंदावतो आणि रात्री ठणठणीत असतो, त्यामुळे संध्याकाळी तपासणाऱ्याला दोष सापडतच नाही. त्याहून घातक वीज जाणे. डेटाबेस लिहीत असताना वीज गेली आणि साठवण मेमरी कार्डावर असेल तर कार्डच नासण्याची भीती असते, म्हणून साठवण एसएसडीवर हवी आणि राउटरसह सर्व्हर छोट्या यूपीएसवर हवा. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता बहुधा मिळत नाही, एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात, आणि त्यामुळे बाहेरून फोनला घरचे दार सापडत नाही. सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या सर्व्हरमार्गे वायरगार्डसारखा खासगी बोगदा काढला की हा प्रश्न सुटतो, आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवण्याची जोखीमही टळते.

ती जोखीम लहान नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या, आणि नावे काढून टाकलेली असूनही वेळ व ठिकाण यांचे फक्त चार बिंदू ९५ टक्के माणसे वेगळी ओळखायला पुरेसे असल्याचे दिसले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो या खटल्यात, जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅपवरची आपली जागा तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावी ही अट रद्द केली, आणि माणसाच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवू देणारी अट अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते असे स्पष्ट केले. घरच्या सर्व्हरवर बायको-मुलांचे फोन जोडणाऱ्या गृहस्थाने हा निकाल एकदा नजरेखालून घालावा. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने केलेल्या माहितीच्या वापराला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होत नाही, म्हणजे घरातल्या या पाळतीला त्या कायद्याचा धाक नाही. विचारून जोडणे आणि नको म्हटल्यावर काढणे हे घरच्यांनीच ठरवायचे असते.

आणि काढणे म्हणजे काय, इथे टिपण न मोडण्याचा नियम पहिल्यांदाच अडचणीचा होतो. नकाशावर एखादे घर किंवा एखाद्याची रेषा लपवायला एक बटण पुरते, पण खाली मूळ निरोप जसाच्या तसा पडून असतो. म्हणून दुसऱ्याच्या नोंदी त्याच्या सांगण्यावरून पुसताना मूळ निरोप, त्यावरून काढलेले मुक्काम आणि जपून ठेवलेले पत्ते या तिन्ही ठिकाणांहून त्या जाव्या लागतात, आणि बॅकअपमधूनही. रोज रात्री एक प्रत आणि तीस दिवसांनी जुनी प्रत नष्ट, असा ज्या घरचा क्रम आहे, तिथे आज पुसलेली नोंद खरोखर पुसली जाते ती महिन्याभराने.